टायर बदलायची वेळ झाली का? तपासणीपासून नवे टायर बसवेपर्यंतचा क्रम

कारचे टायर किती किलोमीटर चालतात, या प्रश्नाला एकच आकडा देऊन मोकळं होता येत नाही. नेहमीच्या वापरात ते साधारण ४० ते ६० हजार किलोमीटर चालतात. पण तेच टायर कायम कमी हवेवर पळवले तर त्याच्या निम्म्यातच कडांना गोटा होतात. उलट गाडी फारशी बाहेर निघत नसेल, तर नक्षी जवळजवळ नवी असतानाच रबर वाळून भेगाळतं.

टायर बाद होतो तो नक्षी झिजून, रबर जुनं होऊन किंवा मार लागून. यातलं जे आधी घडेल तेव्हा टायर बदलायचा, मग बाकीचं सगळं कितीही चांगलं असो. बहुतेक लोक फक्त नक्षी बघतात, तीही उभ्याउभ्या, बाहेरच्या कडेची. सगळ्यात धोकादायक झीज मात्र आतल्या कडेला होते आणि ती तिथून दिसत नाही. म्हणून खालचा क्रम आहे तसाच पाळा. चार टायर आणि स्टेपनी मिळून पहिल्या खेपेला तासभर लागेल.

## तयारी

हाताशी एवढं असू द्या:

- नक्षीची खोली मोजायचा गेज. साधा, सुईचा चालेल, पण त्यावर मिलिमीटरच्या खुणा हव्यात.
- हवेचा दाब मोजायचा स्वतःचा गेज.
- टॉर्च, खडू, ओलं फडकं, बारीक पेचकस.
- जॅक, चाकाचा पाना आणि चाकांमागे लावायला पाचरी.
- वही. नोंद ठेवली नाही तर ही तपासणी दर वेळी शून्यापासून सुरू होते.

नाणं खाचेत उभं करून खोली बघायची पद्धत सर्रास सांगितली जाते. नाणं फक्त एका ठरावीक खोलीबद्दल हो किंवा नाही सांगतं. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा दीड मिलिमीटरनं जास्त झिजली आहे, हे त्यावरून कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

मोजणीआधी गेज काचेवर किंवा सपाट फरशीवर टेकवून तो शून्य दाखवतोय याची खात्री करा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

## टप्पा १: गाडी उभी करा, टायर स्वच्छ करा

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका. गाडी किमान ३ तास उभी असली पाहिजे, कारण पुढच्या टप्प्यात टायर थंड लागतो.

टायरच्या दोन्ही बाजू फडक्यानं पुसा. खाचांत अडकलेले खडे पेचकसनं हलकेच काढा. एखादा खिळा किंवा स्क्रू रुतलेला दिसला तर तो लगेच उपटू नका. खडूनं त्याच्याभोवती गोल करा आणि तसाच राहू द्या. काढताच हवा जाईल आणि गाडी जागेवरच अडकेल.

आता पुढची चाकं एका बाजूला पूर्ण वळवा. पुढच्या टायरची आतली कड बघायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. मागच्या टायरसाठी मात्र टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं किंवा गाडी उचलावी लागते.

सावधान: जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. आतली बाजू नीट बघायची असेल तर चाक काढून बाहेर घ्या. जॅक लावण्यापूर्वी गाडीच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पाचरी लावा.

## टप्पा २: आधी हवा मोजा

खोली मोजण्याआधी हवा मोजायची, कारण पुढे झिजेचा अर्थ लावताना हाच आकडा लागतो. योग्य दाब किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे वेगळे असू शकतात. गाडी पूर्ण भरलेली असताना ठेवायचा दाबही बहुधा वेगळा दिलेला असतो.

टायरच्या बाजूवर कोरलेला दाब पाहून हवा भरणं ही फार नेहमीची चूक आहे. तो आकडा त्या टायरच्या कमाल मर्यादेचा असतो. तुमच्या गाडीला किती हवा लागते, हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसतं, कारण तोच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांना बसतो.

चालून तापलेल्या टायरमध्ये दाब थंड टायरपेक्षा ४ ते ६ पीएसआयनं जास्त दिसू शकतो. तो बघून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर असतो. हवामानाचाही परिणाम होतो. तापमान १० अंश सेल्सियसनं उतरलं की दाब साधारण १ ते २ पीएसआयनं उतरतो.

तपासा: चारपैकी एकाच टायरची हवा दर महिन्याला इतरांपेक्षा जास्त उतरत असेल तर बारीक पंक्चर, गळका व्हॉल्व्ह किंवा रिमच्या कडेची गंज यांपैकी काहीतरी आहे. व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघा.

## टप्पा ३: टायरची जन्मतारीख वाचा

टायरच्या बाजूवर 'डीओटी' ही रोमन अक्षरं शोधा. त्यांच्यापुढे अक्षरं-आकड्यांची ओळ असते आणि शेवटी चार आकडे, बहुधा लंबगोल चौकटीत. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५वा आठवडा, अर्थात ऑगस्टची अखेर. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो पुढे काहीही न तपासता काढून टाका.

बाहेरच्या बाजूला 'डीओटी' दिसतं पण शेवटचे चार आकडे सापडत नाहीत, असं पुष्कळदा होतं. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवताना ती आत गेलेली असते. अशा वेळी टॉर्च घेऊन आतल्या बाजूला शोधा. अंदाजानं "गाडीबरोबरचेच टायर आहेत" असं धरून चालू नका. जुनी गाडी घेतली असेल तर चार टायरच्या चार वेगवेगळ्या तारखा निघू शकतात.

वयानुसार काय करायचं ते असं:

- ५ वर्षांपर्यंत: नेहमीची तपासणी पुरते.
- ५ वर्षांनंतर: दर वर्षी एकदा जाणकाराकडून टायर आतूनबाहेरून तपासून घ्या.
- ६ वर्षांनंतर: अनेक गाडी उत्पादक आपल्या पुस्तिकेत या वयाला नक्षी कितीही उरली असली तरी टायर बदलायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेत तसं लिहिलं असेल तर तेच ग्राह्य धरा.
- १० वर्षं: ही शेवटची हद्द. टायर दिसायला नवा कोरा असला तरी काढायचा. स्टेपनीलाही हाच नियम.

न वापरता टायर जुना कसा होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन रबरावर सतत काम करत असतात, ऊन आणि उष्णता त्याला वेग देतात. त्यांच्यापासून संरक्षण म्हणून रबरात मेणासारखे पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरताना दबतो, मोकळा होतो आणि त्या हालचालीनं हे पदार्थ पृष्ठभागावर येत राहतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की हे थांबतं आणि रबर भेगाळू लागतं. म्हणून दारात उभ्या राहणाऱ्या गाडीचे टायर बघताना किलोमीटरचा काटा काही उपयोगाचा नाही.

## टप्पा ४: नक्षीची खोली मोजा

नव्या कार टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. बऱ्याच देशांत कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर खोली लागते.

मोजणी अशी करा:

1. टायरच्या रुंदीत तीन जागा घ्या: बाहेरची खाच, मधली खाच, आतली खाच. टायरच्या परिघावर गोल फिरणाऱ्या रुंद मुख्य खाचाच मोजायच्या. आडव्या बारीक चिरा सोडून द्या, त्या मुळातच उथळ असू शकतात.
2. गेजची सुई खाचेच्या तळाला सरळ, काटकोनात टेकवा. तिरपी धरली की खोली जास्त दिसते.
3. हेच परिघावर तीन ठिकाणी करा. गाडी थोडी पुढे ढकलून किंवा चाक उचलून फिरवा. प्रत्येक ठिकाणी खडूनं खूण केली तर घोटाळा होत नाही.
4. एका टायरचे नऊ आकडे झाले. त्यातला सगळ्यात लहान आकडा हीच त्या टायरची खोली. सरासरी काढू नका.

शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक जण घसरतात. बाहेर ४.५, मध्ये ४.२ आणि आत १.४ असेल तर सरासरी ३.४ येते आणि टायर ठीक वाटतो. प्रत्यक्षात तो आजच्या आज बदलायचा टायर आहे.

मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, बोटाला लागतात. ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात. टायरच्या बाजूवर 'टीडब्ल्यूआय' ही रोमन अक्षरं, त्रिकोण किंवा कंपनीचं चिन्ह जिथे आहे, त्याच्या सरळ रेषेत वर नक्षीत बघा, तिथे उंचवटा सापडेल. नक्षी घासत घासत या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. गेजनं मोजताना सुई या उंचवट्यावर टेकली तर आकडा चुकीचा, कमी येईल. बाजूला सरकून मोजा.

सावधान: १.६ ही शेवटची पायरी आहे, तोवर निवांत राहायचं असं नाही. खाचांचं काम टायरखालचं पाणी बाहेर फेकणं. खाचा उथळ झाल्या की पाण्याचा थर टायर आणि रस्त्याच्या मध्ये राहतो, टायर त्यावर तरंगतो आणि ब्रेक, स्टिअरिंग दोन्ही हातचे जातात. हे एकदम १.६ वर घडत नाही, ३ मिलिमीटरखाली पकड भराभर कमी होत जाते. ओल्या रस्त्यावर गाडी चालवायची असेल तर ३ मिलिमीटरला बदला. बर्फासाठीचे हिवाळी टायर ४ मिलिमीटरला.

## टप्पा ५: झीज कशी झाली ते वाचा

नवे टायर घ्यायच्या आधी हा टप्पा नक्की करा. जुना टायर चुकीचा झिजला असेल तर त्याचं कारण गाडीत आहे. ते तसंच ठेवून नवे टायर बसवले तर तेही त्याच जागी, तितक्याच लवकर झिजतील.

मधला पट्टा जास्त झिजलेला. हवा सतत जास्त राहिली. टायर मध्ये फुगतो आणि कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत.

दोन्ही कडा झिजलेल्या, मध्य शाबूत. हवा सतत कमी. हा प्रकार जास्त वाईट, कारण कमी हवेत टायरच्या बाजू जास्त वाकतात, आत उष्णता वाढते आणि थर सुटू शकतात. झीज वरून दिसते, पण आतली इजा दिसत नाही.

एकच कड झिजलेली. अलाइनमेंट बिघडलं आहे, म्हणजे चाक उभं असण्याचा किंवा सरळ असण्याचा कोन चुकला आहे. बहुधा आतली कड जाते. बाहेरून टायर छान दिसतो आणि आत तारा उघड्या पडलेल्या असतात.

करवतीसारख्या कडा. ही झीज डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते. तळवा नक्षीवरून आडवा, बाहेरून आत फिरवा, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवलं की नक्षीच्या ठोकळ्यांच्या धारा बोटांना अडतात. चाकांची तोंडं किंचित आत किंवा बाहेर वळलेली आहेत, टायर सरळ न फिरता थोडा घासत चालला आहे. अलाइनमेंट करून घ्या. (हात फिरवण्याआधी तार उघडी नाही ना, हे टॉर्चनं बघून घ्या. बोट कापतं.)

परिघावर थोड्या थोड्या अंतरानं खोलगट भाग. शॉकॲब्सॉर्बर थकला आहे किंवा चाकाचं बॅलन्सिंग, म्हणजे परिघावर सगळीकडे सारखं वजन, बिघडलं आहे. चाक रस्त्यावर उड्या मारत चालतं. चालताना एका लयीत घूं-घूं आवाज येतो आणि लोक तो बेअरिंगचा समजून बेअरिंग बदलून बसतात.

एकाच जागी सपाट चट्टा. चाक जाम होऊन घसरत गेलं असेल तर हा चट्टा कायमचा. गाडी खूप दिवस एकाच जागी उभी राहूनही टायर सपाट होतो, पण तो बऱ्याचदा काही किलोमीटर चालवल्यावर गोल होतो. नाही झाला तर बदला.

तपासा: पुढचे टायर मागच्यांपेक्षा जास्त झिजलेले असणं हे पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत स्वाभाविक आहे. पण डावा आणि उजवा यांत १ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: इजा शोधा

टॉर्च तिरपी धरा, सरळ प्रकाशात भेगा आणि फुगे लपतात.

- बाजूला फुगा: खड्ड्यात किंवा फुटपाथच्या कडेवर चाक जोरात आदळलं की आतले धागे तुटतात आणि हवा तिथे रबर बाहेर ढकलते. याला दुरुस्ती नाही आणि वाट बघणंही नाही. त्या चाकाच्या जागी स्टेपनी लावा. फुगा मात्र आदळल्या दिवशीच येतो असं नाही, काही दिवसांनीही दिसू लागतो.
- बाजूला उभी, किंचित खोलगट रेघ: टायर बनवताना आतल्या थराची टोकं एकावर एक येतात, त्याची ती खूण. ती निर्धोक आहे. फुगवटा बाहेर येतो, ही रेघ आत जाते, एवढा फरक लक्षात ठेवा.
- भेगा: केसासारख्या बारीक, वरवरच्या असतील तर नोंद करून लक्ष ठेवा. नख अडकण्याइतक्या खोल असतील, खाचांच्या तळाशी असतील किंवा आतला धागा दिसत असेल तर टायर बदला.
- कापलेली जागा: आत कापड किंवा तार दिसली की टायर संपला. पाणी आत जाऊन तारा गंजतात आणि वरचा थर सुटतो.

पंक्चरबद्दल स्पष्ट नियम आहे. नक्षीच्या मधल्या भागातलं, ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. खांद्यावरचं, म्हणजे नक्षी आणि बाजू जुळतात तिथलं, आणि बाजूचं होत नाही. टिकाऊ दुरुस्तीसाठी टायर रिमवरून काढून आतून बघावा लागतो आणि भोक भरून आतून पॅचही लावावा लागतो. बाहेरून ओढून बसवलेली दोरी ही घरी पोचण्यापुरती.

आतून बघण्याचा आग्रह का, तर हवा गेलेल्या टायरवर थोडं अंतर जरी गाडी चालली तरी आतल्या बाजू एकमेकींवर घासतात. टायर उघडल्यावर आत शिसपेन्सिलीच्या भुशासारखी काळी पूड सांडते आणि बाजूवर आतून एक खरखरीत कडं उठलेलं दिसतं. बाहेरून काहीच कळत नाही. अशी पूड दिसली की भोक कितीही लहान असो, तो टायर पुन्हा भरायचा नाही. एका झटक्यात फुटणाऱ्या टायरमागे हे कारण असू शकतं.

## टप्पा ७: किती उरलंय याचा हिशोब

समजा नवा असताना खोली ८ मिलिमीटर होती आणि २४,००० किलोमीटरनंतर ५.६ उरली. म्हणजे २.४ मिलिमीटर झिजले, दर हजार किलोमीटरला ०.१ मिलिमीटर. ३ मिलिमीटरला बदलायचं ठरवलं तर हाताशी २.६ आहेत, म्हणजे आणखी सुमारे २६,००० किलोमीटर. आता वर्षाला किती गाडी चालते ते बघा. १३,००० चालत असेल तर दोन वर्षं. मग टप्पा ३ मधलं वय त्यात मिळवा. टायर आज ५ वर्षांचा असेल आणि पुस्तिका ६ वर्षांना बदलायला सांगत असेल, तर नक्षी दोन वर्षं पुरेल, पण वय त्याआधी गाठेल. निर्णय वयावर घ्यायचा.

नवा आकडा नोंदवलेला नसेल तर हा हिशोब अंदाजेच राहतो. अशा वेळी आजची खोली आणि किलोमीटर लिहून ठेवा, ५,००० किलोमीटरनंतर पुन्हा मोजा.

## टप्पा ८: नवा टायर निवडा

जुन्या टायरवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काही तरी रोमन लिपीत लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भाराचा अंक, एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग.

आकार जुळवून लोक थांबतात आणि शेवटचे दोन घटक विसरतात. भाराचा अंक गाडीच्या पुस्तिकेतल्या अंकापेक्षा कमी कधीही चालत नाही. वेगाचं अक्षरही खालचं घेऊ नका. आधीच्या मालकानं भलताच आकार बसवलेला असू शकतो, म्हणून जुन्या टायरवरून नव्हे, दारावरच्या स्टिकरवरून आकार घ्या.

एका धुऱ्यावरचे दोन्ही टायर एकदम बदला, सारख्याच नक्षीचे आणि जवळच्या तारखांचे. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत पुढच्या-मागच्या खोलीत किती फरक चालतो ते पुस्तिकेत बघा. जास्त फरक झाला तर चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि मधली यंत्रणा तापून खराब होते. तिथे बहुधा चारही टायर बदलावे लागतात.

तपासा: टायर रिमवर चढण्याआधी त्यावरची तारीख स्वतः वाचा. चढल्यावर वाद घालून उपयोग नसतो. दोन-तीन वर्षं पडून असलेला टायर म्हणजे तुमच्या वाट्याचं तेवढं आयुष्य आधीच गेलेलं.

## टप्पा ९: बसवणं

दोनच नवे घेतले असतील तर ते मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ऐकायला उलटं वाटतं, म्हणून कारण सांगतो. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ लागते, चालक पाय उचलतो, वेग कमी होतो आणि पकड परत येऊ शकते. मागची चाकं घसरली तर गाडीची शेपटी फिरते आणि ती सावरणं सरावाच्या चालकालाही जमेलच असं नाही. चांगली पकड मागे हवी.

बसवताना उभं राहून एवढं बघा:

1. रबरी व्हॉल्व्ह नवे घातले जात आहेत. जुनं रबर नव्या टायरइतकं टिकणार नाही. दाब दाखवणारे सेन्सर असतील तर त्यांची सीलं नवी.
2. रिमची कड घासून स्वच्छ केली आहे.
3. बाजूवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेला आहे. 'बाहेरची बाजू' असं इंग्रजीत लिहिलेलं असेल तर ती बाहेरच आहे.
4. हवा भरल्यावर रिमजवळची बारीक गोल रेघ सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर आहे. एका जागी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही.
5. प्रत्येक चाकाचं बॅलन्सिंग झालं आहे. टप्पा ५ मध्ये दोष दिसला होता तर अलाइनमेंटही.
6. नट आधी हातानं, मग समोरासमोरच्या क्रमानं, शेवटी टॉर्क पान्यानं (नट किती जोरानं आवळला ते मोजणारा पाना) पुस्तिकेतल्या आकड्याला आवळले आहेत. कारमध्ये हा आकडा साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो. हवेच्या बंदुकीनं ठासून आवळलेले नट रस्त्यात तुमच्याच्यानं सुटत नाहीत, आणि ब्रेकची तबकडीही वाकू शकते.

सावधान: ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरची हवाही मोजा, कारण बसवताना भरलेला दाब क्वचितच बरोबर असतो.

## टप्पा १०: पुढची देखभाल

पहिले ३०० किलोमीटर बेतानं चालवा. साच्यातून सुटावा म्हणून लावलेल्या पदार्थाचा थर नव्या टायरवर राहतो, तो घासला जाईपर्यंत पकड कमी असते.

हवा महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी मोजा. नायट्रोजन भरला असेल तरीही.

दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे आणि मागचे फुलीनं पुढे, म्हणजे मागचा डावा पुढे उजवीकडे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचे सरळ पुढे, पुढचे फुलीनं मागे. बाण असलेले टायर त्याच बाजूला फक्त पुढे-मागे होतात. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर ही अदलाबदल होत नाही. मागच्या टायरची नक्षी पुढच्यांपेक्षा बरीच जास्त असेल तर आता अदलाबदल करू नका, नाहीतर टप्पा ९ मधलं कारण उलटं होऊन बसेल. अदलाबदल फरक वाढण्याआधी करायची असते.

स्टेपनी विसरू नका. बारीक, तात्पुरत्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय हवा लागते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेग घ्यायचा नसतो. गरजेच्या वेळी ती बसलेली निघते, कारण वर्षानुवर्षं कोणी तिची हवा मोजलेली नसते.

नवे टायर बसले त्याच दिवशी वहीत लिहा: किलोमीटरचा काटा, प्रत्येक टायरची आठवडा-वर्ष तारीख, कुठल्या चाकाला कुठला टायर आणि तिन्ही खाचांची खोली. नव्याची खोली सात किंवा आठ असेल असं धरून चालू नका, गेज लावून मोजा. टप्पा ७ चा हिशोब याच आकड्यापासून सुरू होतो.